पाहुणे धावून जातात, गावाकडे काय राहतं?

ऑगस्ट सरता सरता किंवा सप्टेंबरमध्ये साताऱ्यात एक शनिवार असा येतो, की संध्याकाळी लॉजमध्ये खोली मागायला गेलं तर ‘फुल आहे’ हेच ऐकू येतं. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसतात. हॉटेलांत भाताची आणि बटाट्याच्या भाजीची मागणी वाढते, कारण लांब अंतर धावणारी माणसं आदल्या रात्री पिष्टमय पदार्थ भरपूर खातात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि वळून परत यायचं. एकूण २१ किलोमीटर. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक माणसं धावल्याबद्दल गिनेस बुकात गेली.

एवढी माणसं आली म्हणजे गावाची चांदी झाली, असं कोणालाही वाटेल. पण सोमवारी बाजारात चौघांना विचारलं, तर चार वेगळी उत्तरं मिळू शकतात. लॉजवाला खूश असतो. पेढेवाल्याकडचे कंदी पेढ्यांचे बॉक्स संपलेले असतात. रिक्षावाला मात्र म्हणतो, ‘रविवारची सकाळ बुडाली.’ घाटापलीकडच्या गावचा दूधवाला म्हणतो, ‘किटल्या घेऊन रस्ता सुटायची वाट बघत थांबलो.’ यातलं कोणीच खोटं बोलत नसतं. मग एकाच शर्यतीत एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा कसा होतो? आणि सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केली, तर गावाच्या पदरात नेमकं काय पडतं?

खेळापायी केलेला प्रवास

खेळायला किंवा खेळ बघायला माणूस आपलं गाव सोडून दुसरीकडे जातो, तिथे राहतो, खातो-पितो, खरेदी करतो, त्याला क्रीडा पर्यटन म्हणतात. नाव नवं आहे, पण गोष्ट आपल्याला परकी नाही. यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाला पंचक्रोशीबाहेरचे शौकीन पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. तिथे यात्रा आधीपासून असायची आणि मैदान तिच्या पोटात भरायचं. आता निव्वळ शर्यतीसाठी माणसं शेकडो किलोमीटर जातात.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत रविवार सकाळच्या शर्यतींचं पेव फुटलं. गोव्यात २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ झाली. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन तर १९२१ पासूनची आहे. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये होणाऱ्या या शर्यतीला पहिल्या वर्षी अवघे ३४ जण उभे राहिले होते. आज सुमारे ९० किलोमीटरचं ते अंतर १२ तासांत कापायला भारतातूनही शेकडो धावपटू जातात आणि त्यांत पुण्या-मुंबईची मराठी मंडळी बरीच असतात. म्हणजे आपण यजमानही आहोत आणि पाहुणेही.

पाटात सोडलेलं आणि शेतात पोचलेलं

धरणातून पाटाला पाणी सोडलं, की इतके क्युसेक सोडले असा आकडा वर्तमानपत्रात येतो. पण पीक वाढतं ते पोचलेल्या पाण्यावर. वाटेत काही पाणी मुरतं, काही उडून जातं, काही कोणी मोटर लावून उपसतं, आणि टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. स्पर्धेच्या पैशाचंही असंच होतं. ‘स्पर्धेमुळे शहरात इतक्या कोटींची उलाढाल’ असा आकडा छापून येतो, तो सोडलेल्या पाण्याचा असतो. गावाला पाहायचं असतं ते टेलला काय पोचलं.

एक हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यापुरते घेतले आहेत. पुण्याहून आलेल्या एका धावपटूने शनिवार-रविवारात ६,००० रुपये खर्च केले असं धरा. त्यातले २,००० प्रवेश शुल्काचे, १,००० पेट्रोल आणि टोलचे, १,८०० खोलीचे आणि उरलेले १,२०० जेवण, चहा-नाश्ता आणि पेढ्यांचे.

प्रवेश शुल्कातून टी-शर्ट येतो. तो बहुधा तिरुपूरसारख्या ठिकाणी तयार झालेला असतो. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाला, म्हणजे बिबला, मागून एक छोटी चिप लावलेली असते. ती चिप आणि सेकंदाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा बहुतेक वेळा मोठ्या शहरातली एखादी कंपनी पुरवते. पदकं आणि इलेक्ट्रॉलची पाकिटं बाहेरून येतात. मंडप, साउंड, जनरेटर आणि केळी गावातून घेतली, तर तेवढा पैसा गावात राहतो. पेट्रोल आणि टोलच्या हजार रुपयांतलं साताऱ्यात जवळजवळ काहीच राहत नाही. खोलीचं बुकिंग अ‍ॅपवरून झालं असेल, तर कमिशन आधीच कापून जातं. बाकीचे पैसे मालकाला मिळतात, पण तो मालक साताऱ्यात राहतो का, यावर पुढचं सगळं ठरतं. आता पेढे बघा. दूध आसपासच्या गावांतलं, भट्टीवर खवा घोटणारे हात साताऱ्याचे, दुकान साताऱ्याचं. साखर आणि पुठ्ठ्याचा बॉक्स सोडला, तर पेढ्यांवर खर्च झालेल्या शंभर रुपयांतला मोठा भाग इथेच राहतो. पेट्रोलवरच्या शंभर रुपयांची गोष्ट नेमकी उलटी.

अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पैसा गावात येतो आणि मुक्काम न करता निघून जातो.

जो पैसा थांबतो, तो पुढे फिरतो. लॉजवाला वेटरला जादा दिवसाचा पगार देतो. वेटर त्यातून किराणा भरतो, मुलाला दप्तर घेतो. दुकानदार त्यातून आपल्या नोकराला पैसे देतो. म्हणजे एकच रुपया तीन-चार जणांच्या हातून जातो आणि प्रत्येकाची थोडी कमाई होते. याला गुणक परिणाम म्हणतात. मात्र प्रत्येक फेरीत थोडी गळती होतेच. दप्तर पुण्याच्या घाऊक बाजारातून आलेलं असतं, तेल आणि साबण त्याहून लांबून. मोठ्या शहरात बऱ्याच वस्तू आणि सेवा शहरातच मिळतात, त्यामुळे रुपया तिथे जास्त वेळ फिरतो. गाव लहान असेल, तर तो लवकर बाहेर पडतो. म्हणून मुंबईच्या मॅरेथॉनसाठी काढलेला गुणक साताऱ्याला लावणं चूक आहे. असे उसने गुणक वापरून फुगवलेले अहवाल जगभर सापडतात आणि दुर्दैवाने त्यांच्यावर भिस्त ठेवून नगरपालिका निर्णय घेतात.

इथे एक साधी गोष्ट फार महत्त्वाची ठरते, ती म्हणजे रात्र. सकाळी येऊन दुपारी परतणारा धावपटू चहा-पोह्यांपलीकडे फारसं काही खर्च करत नाही. तोच एक रात्र राहिला, तर खोली, दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा बाजार एवढं सगळं होतं. बहुतेक मोठ्या शर्यतींत बिब आदल्या दिवशीच येऊन घ्यावं लागतं, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. आयोजकांना त्यात सोय असते, पण गावाच्या दृष्टीने त्या एका नियमाने हजारो रात्री आणून दिलेल्या असतात. बिब वाटपाचा मंडप शहराच्या मध्यभागी असला, तर पाहुणे पायी बाजारात फिरतात. तोच हायवेलगतच्या एखाद्या मंगल कार्यालयात असला, तर गाडी बिब घेते आणि तशीच हॉटेलवर जाते. हा मंडप कुठे घालायचा, याचा निर्णय बहुधा पार्किंग बघून होतो. तो बाजारपेठ बघूनही व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आलेला प्रत्येक रुपया नवा नसतो

दुसरी गफलत मोजणीतली आहे. आलेल्या सगळ्या धावपटूंचा खर्च एकत्र करून ‘हे स्पर्धेमुळे आलं’ असं म्हणता येत नाही.

साताऱ्याचाच माणूस शर्यतीत धावला, तर त्याने भरलेलं शुल्क गावाच्या दृष्टीने नवीन नाही. ते पैसे त्याने एरवी गावातच कशावर तरी खर्च केले असते. दुसरा एक जण पुण्याहून दर वर्षी फुलं बघायला कासला येतोच. यंदा त्याने तारीख शर्यतीच्या आठवड्याला जुळवून घेतली, एवढंच. त्याचा खर्च स्पर्धेच्या खात्यावर कसा मांडायचा? आणि तिसरा माणूस तर आपल्याला दिसतच नाही. त्या शनिवारी कुटुंबाला घेऊन येणार होता, पण खोल्यांचे भाव चढलेले आणि रस्ते बंद असणार हे कळल्यावर त्याने बेत रद्द केला. आलेली माणसं मोजता येतात. न आलेली कोण मोजणार?

या न आलेल्यांचं सर्वांत ठळक उदाहरण लंडनचं आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथे ऑलिम्पिक चालू होतं, तरी त्या महिन्यात ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आधीच्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरली. जे आले त्यांनी खर्च जास्त केला हे खरं, कारण तिकिटं महाग होती. पण गर्दी होईल, अमुक स्टेशनं टाळा, अशा सूचना महिनोन्‌महिने ऐकून नेहमीचे पर्यटक आणि खुद्द लंडनकर शहराच्या मध्यभागाकडे फिरकलेच नाहीत. टॅक्सीवाले, छोटी दुकानं आणि नाट्यगृहं धंदा बसल्याची तक्रार करत होती. स्टेडियमभोवती गर्दी आणि मध्यवर्ती बाजारात शुकशुकाट, असं एकाच शहरात एकाच वेळी घडलं.

अमेरिकेतल्या रॉबर्ट बाडे आणि व्हिक्टर मॅथेसन या अर्थतज्ज्ञांनी मोठ्या सामन्यांच्या बाबतीत हेच तपासलं. सामन्याआधी आयोजक जे सांगत होते, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि सामन्यानंतर त्या शहरांच्या उत्पन्नात, रोजगारात, विक्रीकराच्या वसुलीत खरोखर किती वाढ झाली ते पाहिलं. बहुतेक ठिकाणी ती आधी सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली निघाली.

साताऱ्याला हे लावून पाहिलं, की एक अडचण लगेच दिसते. कासच्या फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. त्या काळातल्या शनिवार-रविवारी साताऱ्याची हॉटेलं तशीही भरलेली असतात. भरलेल्या खोलीत आणखी एक पाहुणा मावत नाही, फक्त भाडं चढतं. हीच शर्यत ओस पडलेल्या एखाद्या आठवड्यात झाली, तर तितक्याच धावपटूंकडून गावाला कितीतरी जास्त नवा पैसा मिळेल. पण मग घाटातलं धुकं, ती हिरवाई, दऱ्यांत कोसळणारे धबधबे कुठून आणायचे? धावपटू त्यासाठीच तर येतात, आणि एप्रिलच्या उन्हात यवतेश्वर चढायला कोण येईल? आयोजकांची निवड मला समजते. मात्र तिची किंमत काय पडते, हे गावाला ठाऊक असायला हवं.

चौकट: हा पैसा स्पर्धेमुळे आला का?

- बाहेरगावचा माणूस, फक्त शर्यतीसाठी आला, रात्र राहिला: पूर्ण मोजा.
- बाहेरगावचा, एरवीही येणारच होता, फक्त तारीख बदलली: मोजू नका.
- त्याच भेटीत शर्यतीसाठी मुक्काम एका रात्रीने वाढवला: ती एकच रात्र मोजा.
- गावचाच धावपटू: मोजू नका. मात्र तो एरवी अशाच शर्यतीसाठी दुसऱ्या शहरात जाऊन खर्च करणार असेल, तर ते वाचलेले पैसे मोजा.
- गर्दीमुळे न आलेला नेहमीचा पर्यटक: वजा करा.
- पोलीस बंदोबस्त, सफाई, रुग्णवाहिका यांचा सार्वजनिक खर्च: तोही वजा करा.

बांधकामाचा मोह

सातारच्या शर्यतीचं सर्वांत मोठं बळ असं, की तिच्यासाठी काही बांधावं लागत नाही. रस्ता आहे, घाट आहे, मैदान आहे. खेळांच्या इतिहासात शहरं जिथे बुडाली, तिथे बहुतेक वेळा बांधकामाने बुडाली.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलने १९७६ चं ऑलिम्पिक भरवलं. स्टेडियमचा खर्च हाताबाहेर गेला आणि ते कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. ते फेडण्यासाठी तंबाखूवर खास कर लावला होता. म्हणजे १९७६ नंतर जन्मलेल्या आणि त्या खेळांतला एकही क्षण न पाहिलेल्या माणसांनीही सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे त्या स्टेडियमचे पैसे भरले. अथेन्समध्ये २००४ च्या खेळांसाठी उभारलेली कित्येक मैदानं काही वर्षांतच गवतात गेली. ब्राझीलच्या मनाउस शहरात २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचे फक्त चार सामने झाले. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या त्या शहरात वरच्या विभागात खेळणारा एकही स्थानिक संघ नव्हता, तरी चाळीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम उभं राहिलं.

आपल्या लहान शहरांनी मात्र नॉर्वेतल्या लिलेहॅमरकडे बघावं. वस्ती पंचवीसेक हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथे १९९४ चं हिवाळी ऑलिम्पिक झालं आणि ते अतिशय देखणं झालं, आजही त्याची वाखाणणी होते. जगाने गाव पाहिलं, आता पर्यटक वाढत जाणार, या अंदाजावर नवी हॉटेलं उभी राहिली. पाहुणे वाढले, पण अंदाजाच्या जवळपासही नाहीत, आणि पुढच्या काही वर्षांत तिथली बरीच मोठी हॉटेलं दिवाळखोरीत गेली. पंधरा-सोळा दिवसांच्या गर्दीला पुरतील एवढ्या खोल्या बांधल्या, तर उरलेले साडेतीनशे दिवस त्या रिकाम्या खोल्यांचं व्याज भरावं लागतं. शर्यतीच्या रात्री ‘फुल’ची पाटी लागली म्हणून गावात आणखी लॉज हवेत, असा अर्थ कोणी काढू नये.

बार्सिलोनाचं उदाहरण उलट्या बाजूने दिलं जातं आणि ते खरं आहे. १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने त्या शहराने समुद्राकडची जुनी कारखान्यांची पट्टी आणि रेल्वेचे रूळ हटवले, लोकांसाठी किनारे खुले केले. खेळ संपल्यावरही शहराला रोज वापरता येईल अशाच गोष्टींवर त्यांनी भर दिला होता. त्यानंतर पर्यटक इतके वाढले, की घरभाडी स्थानिकांना परवडेनाशी झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले रहिवासी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवत निदर्शनं करत होते. यशाचंही ओझं होतं.

घरचं उदाहरण बालेवाडीचं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, तेव्हा बालेवाडी म्हणजे पुण्याबाहेरचं शेतीचं गाव होतं. ती क्रीडानगरी अथेन्ससारखी ओस पडली नाही. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, पुढे फुटबॉलचे सामने झाले, आंतरराष्ट्रीय टेनिस झालं. मोठ्या शहराला लागून असणं आणि सरकारने ती चालू ठेवणं, या दोन्हींमुळे ती टिकली. दरम्यान महामार्ग, हिंजवडीचं आयटी पार्क आणि क्रीडानगरी अशा सगळ्यांच्या रेट्याने आसपासच्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. लवकर विकलेल्याच्या हाती थोडं आलं, थांबलेल्याच्या हाती घबाड आलं. खेळांमुळे गाव श्रीमंत झालं असं एका वाक्यात म्हणता येत नाही. गावातलं कोण, कधी, हे विचारावंच लागतं.

रस्ता बंद आहे

यवतेश्वरच्या घाटातून वर जाणारा रस्ता पुढे कासला आणि तिथून खाली बामणोलीला, कोयनेच्या जलाशयाकडे जातो. वरच्या वाड्या-वस्त्यांना साताऱ्यात उतरायचं तर हाच नेहमीचा रस्ता. शर्यतीच्या सकाळी तो काही तास बंद असतो. दुधाची किटली, मंडईला निघालेली पाटी, दवाखान्यात न्यायचं बाळंतपण, परीक्षेला निघालेला मुलगा, यांपैकी प्रत्येकाला ते काही तास वेगवेगळे महाग पडतात. रुग्णवाहिकेला वाट मिळते. पण गावाकडे बहुतेक वेळा रुग्णवाहिका नसतेच, कोणाची तरी जीप असते, आणि जीपवर लाल दिवा नसतो.

गोव्यात अडचण वेगळी. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते. शर्यतही रविवारीच असते, कारण शहरी धावपटूला सुट्टी तेव्हाच. वर्षातून एकदा लोक सांभाळून घेतात. पण वर्षभरात सायकलची एक, धावण्याच्या तीन, ट्रायथलॉनची एक अशा शर्यती त्याच देखण्या रस्त्यावर होऊ लागल्या, की पहिल्या वर्षी टाळ्या वाजवणारा माणूस पाचव्या वर्षी खिडकी लावून घेतो. रस्ता देखणा आहे हा काही तिथल्या रहिवाशांचा दोष नव्हे.

मोठ्या स्पर्धांमध्ये हा त्रास क्रूर रूप घेतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी झोपडपट्ट्या पाडल्या गेल्या, फेरीवाले आणि भिकारी हलवले गेले. पाहुण्यांच्या नजरेत शहर नीटनेटकं दिसावं, म्हणून त्या शहरातल्या सर्वांत गरीब माणसांना दिसेनासं करण्यात आलं. खेळांचा हा हिशेब कोणत्याही अहवालातल्या उलाढालीच्या आकड्यात येत नाही.

वहीत न मावणारी मिळकत

मग लोक स्पर्धा का भरवतात? कारण काही गोष्टी खरोखर मिळतात आणि त्या पैशात मोजता येत नाहीत.

लंडनच्या खेळांआधी संशोधकांनी तिथल्या कुटुंबांना विचारलं होतं, की हे खेळ आपल्या शहरात व्हावेत यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? सरासरी उत्तर आलं: दर वर्षी सुमारे २२ पौंड, दहा वर्षं. ज्यांना स्टेडियममध्ये पाऊलही टाकायचं नव्हतं, त्यांनीही रक्कम सांगितली. आपलं गाव जगाने पाहावं याचं सुख असतं आणि त्यासाठी माणसं पदरचे पैसे घालायला तयार असतात. घाटाच्या वळणावर लेझीम घेऊन उभ्या असलेल्या शाळकरी पोरांना विचारायचीही गरज नाही. धापा टाकत वर येणारा अनोळखी माणूस त्यांच्याकडे बघून हात वर करतो, तेव्हा त्यांचे चेहरे सगळं सांगतात.

दुसरी मिळकत स्वयंसेवकांची. सातारची शर्यत तिथल्याच धावणाऱ्या मंडळींनी उभी केली. पाणी द्यायला कॉलेजची मुलं, पायांत गोळे आलेल्यांना सांभाळायला डॉक्टर, वाहतुकीला पोलीस, असे एरवी एकमेकांना न भेटणारे लोक महिनाभर एकत्र काम करतात. ही ओळख शर्यत संपली तरी टिकते. पूर आला, दरड कोसळली, तर फोन कोणाला लावायचा हे त्यांना माहीत असतं. बाहेरच्या इव्हेंट कंपनीने येऊन भरवलेल्या शर्यतीत ही वीण तयार होत नाही. कंपनीचा ट्रक रविवारी रात्री सामान घेऊन जातो आणि सगळं शहाणपणही त्याच ट्रकमधून जातं.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या हेदर गिब्सन यांनी गेन्सव्हिल या त्यांच्या विद्यापीठाच्या गावात फुटबॉलसाठी येणाऱ्या पाहुण्यांचा अभ्यास केला. अशा लहान, दर वर्षी होणाऱ्या, असलेल्याच सोयी वापरणाऱ्या स्पर्धा यजमान गावाला जास्त मानवतात, असं त्यांच्या आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसत आलं आहे. माणसं पुन्हा पुन्हा येतात आणि गावाला नवं काही बांधावं लागत नाही.

तिसरी मिळकत खेळाडूंची असायला हवी आणि इथे माझं मन खट्टू होतं. ललिता बाबर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची. तो दुष्काळी पट्टा. तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात सलग तीन वर्षं पहिला क्रमांक घेतला आणि मग २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी कोणी भारतीय खेळाडू ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या अंतिम फेरीत धावत होती. रस्त्यावरच्या शर्यतींनी तिला नाव दिलं, बक्षिसं दिली. पण अशा मुलीला वर्षभर लागतं ते मैदान, मार्गदर्शक, पौष्टिक खाणं आणि बूट. महागड्या बुटांत धावणाऱ्या हौशी धावपटूंच्या शुल्कातून तालुक्याच्या मैदानाला दर वर्षी ठरलेली रक्कम जायला हवी, आणि ती जाहीर व्हायला हवी. काही आयोजक मदत करतात, पण मर्जीवर. मर्जी एखाद्या वर्षी आटते.

कासच्या वाटेवर

कासचं पठार जांभ्या खडकाचं आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की बोटाने उकरला तर खाली दगड लागतो. पावसात त्या थरावर इवली फुलझाडं उगवतात आणि आठ-दहा आठवड्यांत आपला संसार उरकून जातात. पावलाखाली आली, की बी धरायच्या आत मरतात. २०१२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी शर्यत सुरू झाली त्याच वर्षी, पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून कास युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. कासचा तलाव सातारा शहराला पाणीही पुरवतो.

शर्यत पठारापर्यंत जात नाही, ती अर्ध्या वाटेवरून वळते, हे आयोजकांच्या बाजूने सांगायला हवं. पण शर्यत संपली, की गळ्यात पदक घातलेली हजारो माणसं आणि त्यांच्या गाड्या त्या दुपारी कुठे जातील हे उघड आहे. घाटात वाऱ्यावर उडालेले कागदी पेले गोळा करता येतात, आणि केलेही जातात. गाड्यांच्या रांगेचं काय?

याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, ते कासलाच आहे. पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली आहे, आधी नोंदणी करावी लागते, शुल्क आहे. आणि ते शुल्क आसपासच्या गावांतल्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या गोळा करतात. त्यातून गावातल्याच मुला-मुलींना हंगामात वाटाड्याचं, राखणीचं, सफाईचं काम मिळतं. इथे पाट गावाच्या शेतातूनच सुरू होतो, म्हणून टेल कोरडा राहत नाही. तिथेही कुरबुरी आहेत, गर्दी आहे, पण पैसा कोणाच्या हातात आधी पडतो हा प्रश्न त्यांनी सोडवला आहे.

शर्यतीला हाच धडा लावायला काय हरकत आहे? प्रत्येक बिबमागे ठरावीक रक्कम वाटेवरच्या गावांच्या नावाने बाजूला काढायची. तिचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरवावं, शाळेचं छप्पर असो की गावासाठी रुग्णवाहिका. रस्ता किती वाजता बंद होईल आणि किती वाजता सुटेल, हे गावाला विचारून ठरवायचं आणि दूध आधी उतरवायचं. हे करायला कायदा लागत नाही, आयोजक आणि ग्रामपंचायत एका टेबलाशी बसली तरी पुरे. आणि खरा हिशेब हवा असेल, तर नोंदणीच्या अर्जात तीन प्रश्न वाढवावेत. तुम्ही कुठून आलात, किती रात्री राहणार, आणि शर्यत नसती तरी या महिन्यात साताऱ्याला आला असता का? अर्ज तसाही प्रत्येक जण भरतोच.